एका बिलाची सोय आणि चोवीस महिन्यांचा करार

वाचकाचं पत्र:

"आमच्या घरात पाच माणसं. आम्ही दोघं, कॉलेजातली मुलगी, शाळेतला मुलगा आणि माझे सासरे. इंटरनेट एका कंपनीचं, टीव्हीच्या वाहिन्या दुसऱ्या कंपनीकडून, शिवाय तीन स्ट्रीमिंग ॲप्स. आता एक तिसरीच कंपनी हे सगळं एका पॅकमध्ये देतेय. आमच्यापेक्षा दुप्पट वेगाचं इंटरनेट, भरपूर वाहिन्या, बारा ॲप्स, राउटर आणि सेट-टॉप बॉक्स फुकट. आजच्या आमच्या सगळ्या बिलांची बेरीज १०० धरली, तर त्यात ५० इंटरनेटचे, २४ वाहिन्यांचे आणि २६ तीन ॲप्सचे. नवा पॅक पहिले सहा महिने ९० ला पडतो, नंतर ११६. करार चोवीस महिन्यांचा. ह्यांचं म्हणणं, घेऊन टाकू. एकच बिल, एकच हेल्पलाइन, रोजची कटकट तरी संपेल. शिवाय आमचं १०० एमबीपीएसचं इंटरनेट संध्याकाळी अडकतं, तेही वेग वाढला की सुटेल असं विक्रेता सांगतो. मला मात्र सही करायला हात धजत नाही, आणि का ते नीट सांगताही येत नाही. सासरे म्हणतात, मला बातम्या आणि सामने दिसले की झालं. विक्रेता शनिवारी येणार आहे. काय करावं?"

ताई, शनिवारी सही करू नका.

पॅक मुळातच वाईट असतो असं मी म्हणणार नाही. काही घरांना तो खरोखर परवडतो, आणि कोणत्या, ते पुढे सांगते. पण ज्या रूपात तो तुमच्यासमोर ठेवलाय, त्या रूपात तो तुम्हाला महाग पडतो. त्यातली सर्वांत महाग गोष्ट माहितीपत्रकावर कुठेच छापलेली नसते. चोवीस महिने तुम्हाला जागचं हलता येणार नाही, ही ती गोष्ट. तुमचा हात अडखळतोय तो त्यामुळेच. मनातल्या मनात तुम्ही हिशेब बरोबर केलाय, फक्त तो कागदावर उतरायचा राहिलाय.

उतरवून बघू. पहिले सहा महिने ९० प्रमाणे ५४०. पुढचे अठरा महिने ११६ प्रमाणे २०८८. दोन्ही मिळून २६२८, आणि चोवीसने भागलं की महिन्याला १०९.५. आज तुम्ही १०० देता. म्हणजे पहिल्या सहा महिन्यांत स्वस्त वाटणारा हा पॅक कराराच्या सगळ्या मुदतीवर पसरला, की साडेनऊ टक्क्यांनी महाग होतो. जोडणीचं शुल्क, बॉक्सची अनामत आणि कर यांपैकी काही वेगळं असेल, तर ते यात धरलेलंच नाही. तुमच्या सुट्या बिलांचे दरही या दोन वर्षांत वाढू शकतात, हे मला मान्य आहे. पण जे वाढेल ते तुम्ही त्याच महिन्यात बंद करू शकता. पॅकमध्ये ती मुभा राहत नाही.

आता माहितीपत्रकावरचा तो मोठ्या अक्षरांतला आकडा घ्या: सगळं सुटं घेतलं तर अमुक, आमच्याकडे फक्त तमुक. त्या अमुकमध्ये बारा ॲप्स मोजलेली असतात. तुम्ही तीन वापरता. जी नऊ तुम्ही कधी विकत घेतलीच नसती, त्यांच्यावरची सूट तुमच्या खिशात येत नाही. प्रत्येक ॲपपुढे एकच प्रश्न लिहा: पॅकमध्ये नसतं, तर हे मी स्वतंत्र पैसे मोजून घेतलं असतं का? उत्तर नाही असेल तर त्याची किंमत शून्य धरा, मग त्याची जाहिरात कितीही मोठी असो.

आणि तुमच्याकडे आहेत ती तीन ॲप्स तरी घरात वापरली जातात का? आज जेवणं झाली की मुलांना घेऊन बसा आणि प्रत्येक ॲपमध्ये आधी काय काय पाहिलं त्याची यादी उघडा. बहुतेक सेवांमध्ये ती खात्याच्या सेटिंगमध्ये तारखेसकट मिळते. गेल्या तीन महिन्यांचंच बघा. पूर्ण पाहिलेलं वेगळं काढा आणि दहा मिनिटांत सोडलेलं वेगळं. पुष्कळ घरांत असं दिसतं, की एक ॲप रोज उघडलं जातं, एक कुठल्याशा मालिकेपुरतं घेतलेलं असतं आणि ती मालिका कधीच संपलेली असते, आणि तिसऱ्याचा पासवर्डही कुणाला आठवत नाही, पण त्याचे पैसे दर महिन्याला बिनबोभाट कापले जातात.

हे आळशीपणामुळे होतं असं समजून कुणाला बोल लावू नका. माणसाचं असं सगळीकडेच होतं. स्टेफानो डेलाविन्या आणि उल्रिके मालमेंडियर या दोन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या तीन व्यायामशाळांच्या साडेसात हजारांहून जास्त सभासदांच्या नोंदी तपासून २००६ साली एक निबंध प्रसिद्ध केला. ठराविक मासिक वर्गणी भरणारे सभासद महिन्यातून सरासरी पाच वेळाही जात नव्हते. दर वेळी सुटे पैसे भरून गेले असते तर त्यांना स्वस्त पडलं असतं. आणि ज्यांची वर्गणी आपोआप पुढे चालू राहत होती, ते येणं थांबल्यावरही ती बंद करायला बराच काळ लावत होते. घेताना आपण स्वतःला जरा जास्तच उत्साही समजतो आणि बंद करायचं काम उद्यावर टाकतो. बारा ॲप्सचा पॅक याच दोन सवयींवर चालतो.

तेव्हा ॲप्सच्या बाबतीत माझा सल्ला असा: एका वेळी एक. महिना दोन महिने एक चालवा, त्यातलं पाहायचं ते पाहून झालं की ते बंद करून दुसरं घ्या. मासिक वर्गणीच्या सेवा बहुतांशी कधीही थांबवता येतात आणि रद्द केल्यावरही भरलेला महिना संपेपर्यंत चालतात. म्हणून सुरू करायच्या दिवशीच नूतनीकरण बंद करून ठेवावं. हवंसं वाटलं तर पुन्हा पैसे भरायला दोन मिनिटं लागतात. मुलगी आणि मुलगा यांच्यात पाळी लावून द्या. कुरकुर होईल, पण तीही थोडेच दिवस. अशाने २६ च्या जागी साधारण ९ लागतील, आणि तुमचं १०० चं बिल ८३ वर येईल. चोवीस महिन्यांत १९९२. पॅकच्या २६२८ शी ताडून पाहा. ६३६ चा फरक पडतो, म्हणजे तुमच्या आजच्या सहा महिन्यांच्या खर्चाहूनही जास्त.

मग कंपन्या एवढं सगळं एकत्र का बांधतात, हेही समजून घ्या, म्हणजे शनिवारी बोलताना सोपं जाईल. अर्थशास्त्रात यावर साठ वर्षांहून अधिक काळ लिहिलं जातंय. १९६२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासमोर एक खटला आला होता: वितरक टीव्ही केंद्रांना चांगल्या सिनेमांबरोबर पडेल सिनेमेही गठ्ठ्यानं घ्यायला लावत होते. न्यायालयानं ते बेकायदा ठरवलं. पुढच्याच वर्षी अर्थतज्ज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी या गठ्ठाविक्रीमागचं गणित मांडलं. त्यांना १९८२ साली नोबेल मिळालं. गणित साधं आहे. समजा एका घराला 'अ' ॲपसाठी १० आणि 'ब' साठी फक्त २ मोजावेसे वाटतात. दुसऱ्या घराला नेमकं उलट. सुटं विकायचं तर कंपनी दोन्हींची किंमत १० ठेवेल, प्रत्येक घर एकेक घेईल आणि तिच्या हाती २० येतील. दोन्ही एकत्र बांधून १२ ला विकलं, तर दोन्ही घरं घेतात आणि हाती २४ येतात. ज्याला तुम्ही एरवी हात लावला नसता, त्याचेही २ तुमच्याकडून गेले.

१९७६ साली विल्यम जेम्स ॲडम्स आणि जॅनेट येलेन (याच पुढे अमेरिकेच्या अर्थमंत्री झाल्या) यांनी दाखवलं, की पुष्कळदा विक्रेत्याला सुटी वस्तूही ठेवणं आणि पॅकही ठेवणं सर्वांत फायद्याचं पडतं. यातून आपल्या कामाचं काय, तर सुटी किंमत आणि पॅकची किंमत एकाच टेबलावर, एकमेकींकडे बघत ठरवलेली असते. सुटी किंमत थोडी चढी ठेवली की पॅक आपसूक स्वस्त दिसतो. ॲपसारखी वस्तू तर आणखी एका घराला द्यायला कंपनीला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. त्यामुळे बाराच्या जागी वीस ॲप्स दिली तरी तिचं फारसं बिघडत नाही. तिला खरं हवं असतं ते तुमचं न सोडून जाणं. नुसतं इंटरनेट असेल तर माणूस एका दिवसात कंपनी बदलतो. त्याच धाग्यात सासऱ्यांच्या वाहिन्या आणि मुलांची ॲप्स ओवलेली असली, की इंटरनेट कितीही रडत चाललं तरी बदलायचं धाडस होत नाही.

म्हणून इंटरनेट हा भाग नेहमी वेगळा आणि सर्वांत आधी ठरवावा. पॅकमध्ये बाकी सगळं त्याच्यावरूनच येतं, आणि ते बिघडलं तर बाकी सगळं बसतं. तुमच्या संध्याकाळच्या अडकण्याकडे येते, कारण तुमच्या पत्रातला माझ्या मते तोच खरा प्रश्न आहे आणि विक्रेत्यानं त्यावर सर्वांत सैल उत्तर दिलंय.

एका घराला लागतं तरी किती? नेटफ्लिक्स स्वतः फोर-के चित्रासाठी १५ एमबीपीएस आणि फुल एचडीसाठी ५ एमबीपीएस वेग पुरेसा सांगतं. तुमच्या घरी एकाच वेळी दोन पडद्यांवर फोर-के, एकावर एचडी, एक व्हिडिओ मीटिंग आणि दोन-चार फोन चालू असले तरी बेरीज पन्नासच्या आसपास राहते. तुमच्याकडे १०० आहेत. म्हणजे कागदावरचा वेग कमी पडत नाही. तो तुमच्या पडद्यापर्यंत पोहोचत नाही, आणि कुठे अडतो ते शोधायला हवं. (डाउनलोड होताना पडद्यावर १२ असा आकडा दिसला म्हणून घाबरू नका. प्लॅन बिटमध्ये मोजतात, फाइल बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट, त्यामुळे १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट.)

हे करा. ज्या वेळी नेट अडकतं त्याच वेळी, समजा रात्री नऊला, लॅपटॉप केबलनं थेट राउटरला जोडा, त्याचं वायफाय बंद करा आणि वेग तपासा. मग केबल काढून राउटरशेजारीच वायफायवर तपासा. मग टीव्ही जिथे आहे तिथे जाऊन. हेच तिन्ही आकडे सकाळी लवकर उठून पुन्हा घ्या. तीन-चार दिवस लिहून ठेवा.

केबलवर रात्रीही ९० च्या वर येत असेल आणि टीव्हीजवळ १५, तर दोष तुमच्या वायफायचा आहे. कुठल्याही कंपनीचा कुठलाही पॅक घेतला तरी तो तसाच राहील. राउटर कपाटातून किंवा टीव्हीच्या मागून काढून घराच्या मध्यावर, उंचावर ठेवा. टीव्ही आणि लॅपटॉप वायफायच्या ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर टाका. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल (वायफायच्या वाटा, टीव्हीच्या वाहिन्या नव्हेत) तीनच असतात, १, ६ आणि ११. आजूबाजूच्या सगळ्या घरांचे राउटर त्याच तिघांवर गर्दी करतात, आणि संध्याकाळी सगळे घरी आले की ती वाढते. ५ गिगाहर्ट्झ भिंतीपलीकडे लवकर मंदावतं, पण तिथे जागा पुष्कळ असते. टीव्ही जर राउटरपासून जवळ असेल तर सरळ एक केबल ओढा. टीव्हीचा प्रश्न तिथेच मिटतो.

केबल लावूनही रात्री वेग कोसळत असेल आणि सकाळी ठीक असेल, तर मात्र कंपनीच्या बाजूला गर्दी आहे. फायबर असलं तरी लाइन एकट्या तुमच्या घराची नसते. जीपॉन या फायबर वाटून देण्याच्या प्रचलित पद्धतीत साधारण अडीच गिगाबिटचा एक धागा बहुधा ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो, आणि त्याच्या पुढे कंपनीनं स्वतः किती जाडीची लाइन घेतलीय यावरही खूप अवलंबून असतं. अशा वेळी कंपनी बदलणं हाच उपाय. पण नवीन कंपनीकडेही तीच गर्दी नसेल कशावरून? दुप्पट वेगाचा आकडा त्याचं उत्तर देत नाही. तुमच्याच इमारतीत किंवा गल्लीत त्यांचं इंटरनेट असलेलं घर शोधा आणि रात्री नऊला तिथे पाच मिनिटं बसून बघा. या एका गोष्टीसाठी शनिवार पुढे ढकलावा लागला तरी ढकला. अपलोडचा वेगही विचारा. मीटिंगमध्ये आपला चेहरा गोठतो तो त्याच्यामुळे, आणि जाहिरातीत पुष्कळदा फक्त डाउनलोडच असतो.

आता सासरे. घरात सर्वांत कमी तेच मागतात, आणि पॅकमध्ये सर्वांत जास्त बदल त्यांच्याच वाट्याला येतो. आजच्या त्यांच्या वाहिन्या वेगळ्या मार्गानं येतात. इंटरनेट बंद पडलं तरी त्यांच्या बातम्या चालू राहतात. पॅक घेतला की टीव्हीही त्याच तारेवर येतो. तार तुटली की घरातलं सगळं एकदम बंद. दुसरं, कंपनी वाहिन्या बॉक्सवरून देते की नुसत्या ॲपमधून, ते विचारा. कंपनीच्या स्वतःच्या जाळ्यावरून बॉक्सवर येणाऱ्या वाहिन्या बहुतेक नेहमीच्या टीव्हीसारख्या चालतात. ॲपमधून येणारं थेट प्रक्षेपण मात्र पुष्कळदा सहा-सहा सेकंदांच्या तुकड्यांत येतं आणि अडकू नये म्हणून तीनेक तुकडे आधी साठवतं. त्यामुळे ते वीस-तीस सेकंद मागे असू शकतं. शेजारच्या घरातून आधी आरडाओरडा ऐकू येईल आणि मग सासऱ्यांना पडद्यावर दिसेल. सामने मनापासून पाहणाऱ्या माणसाला हे लागतं.

आणि रिमोट. आज त्यांना बातम्या लावायला किती बटणं दाबावी लागतात ते मोजा. नव्या बॉक्सवर आधी मुख्य पडदा येतो, त्यावर ॲप्सची रांग, मग वाहिन्यांचा विभाग, मग यादी. वाहिन्यांचे नंबरही बदलतात. तुम्हाला ते दोन दिवसांत जमेल. त्यांना दर वेळी नातवाला हाक मारावी लागली, तर ते हळूहळू टीव्ही लावणंच सोडतील आणि तुम्हाला सांगणारही नाहीत. सही करण्याआधी तो रिमोट त्यांच्या हातात द्या आणि मदत न करता बघा. माझं मत विचाराल तर त्यांच्या वाहिन्यांच्या २४ ला हात लावू नका. फार तर त्यांच्याबरोबर बसून ते न पाहत असलेल्या वाहिन्या कमी करा.

'बारा ॲप्स' या शब्दांखाली काय असतं तेही पाहा. एकाच सेवेचे तीन-चार दर्जे असतात: जाहिरातींसह, फक्त मोबाइलवर चालणारा, एकाच पडद्यापुरता, कमी स्पष्टतेचा. पॅकमध्ये बहुधा यातला खालचा दर्जा असतो. मुलगी आज जे ॲप दोन पडद्यांवर जाहिरातींशिवाय पाहते, तेच नाव पॅकमध्ये दिसलं म्हणून तिनं आपलं खातं बंद केलं, तर पहिल्याच दिवशी वाद होईल. आणि बंद नाही केलं, तर एकाच सेवेचे पैसे दोनदा जातील.

शिवाय यादी कायम राहीलच असं नाही. २०२३ साली अमेरिकेत डिस्ने आणि चार्टर या केबल कंपनीचं पैशांवरून बिनसलं. ३१ ऑगस्टला डिस्नेच्या वाहिन्या चार्टरच्या सुमारे दीड कोटी ग्राहकांच्या पडद्यावरून गेल्या आणि ११ सप्टेंबरला समझोता झाला तेव्हा परत आल्या. सगळ्या मात्र नाही: आठ वाहिन्या त्या वेळी पॅकमधून वगळल्या गेल्या, आणि त्याच समझोत्यात अनेक ग्राहकांना डिस्नेचं स्ट्रीमिंग मिळालं ते जाहिरातींसह. भांडण दोन कंपन्यांचं होतं. ग्राहकाला त्यात कुणी विचारलं नव्हतं. तुमच्या चोवीस महिन्यांत असं काही झालं तर हप्ता कमी होईल का, हा प्रश्न विक्रेत्याला जरूर विचारा.

विचारायचं ते सगळं व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर विचारा, म्हणजे उत्तर लेखी राहील. मध्येच सोडलं तर नेमके किती भरावे लागतील? उरलेल्या महिन्यांचे सगळे, की दिलेली सूट परत? ११६ हा आकडा तरी शेवटपर्यंत पक्का आहे का? आणि इंटरनेट नीट चाललं नाही तर संपूर्ण पॅक दंडाशिवाय सोडता येईल, की वाहिन्यांचा आणि ॲप्सचा करार चालूच राहील? शेवटच्या प्रश्नावर अडून बसा. युरोपीय संघाच्या २०१८ च्या दूरसंचार संहितेत ग्राहकाला करारात बांधून ठेवायची कमाल मर्यादा चोवीस महिने आहे, आणि पॅकमधली एक सेवा कराराप्रमाणे मिळाली नाही म्हणून ती सोडायचा हक्क मिळाला, तर संपूर्ण पॅक सोडायचाही हक्क मिळतो. त्या देशांत हा कायदा आहे. बाकी कुठेही हीच अट कंपनीकडे लेखी मागायला कुणाची हरकत नसावी. देत नसतील, तर त्यांना आपल्याच इंटरनेटची खात्री नाही असं मी समजेन.

पॅक कुणी घ्यावा, तेही सांगते. करार महिन्याचा किंवा फार तर तीन महिन्यांचा आहे, इंटरनेट शेजाऱ्याकडे पारखून घेतलंय आणि पॅकमधल्या ज्या गोष्टी घर खरंच वापरतं त्यांचीच सुटी बेरीज पॅकपेक्षा जास्त होते, अशा घरानं बिनधास्त घ्यावा. तुमच्या विक्रेत्याला हाच पॅक मुदतीशिवाय, थोडा चढ्या दरानं का होईना, देता का ते विचारा. नुसतं इंटरनेट काय दरानं, तेही विचारा. बरेचदा तो प्लॅन असतो, पण माहितीपत्रकावर नसतो. आणि आजच्या इंटरनेट कंपनीलाही फोन करून सांगा, की आम्ही सोडायच्या विचारात आहोत. जाणाऱ्या ग्राहकाला थांबवायला त्यांच्याकडे वेगळे दर असतात. ते नव्या करारात बांधणार नसतील, तरच घ्या.

तुमच्या ह्यांचं म्हणणं मात्र उडवून लावू नका. पाच ठिकाणची बिलं, पाच तारखा, पाच पासवर्ड याचा शीण खरा असतो, आणि बहुधा तो त्यांच्यावरच पडत असेल. त्यासाठी चोवीस महिने गहाण टाकायची गरज नाही. सगळी बिलं एकाच कार्डावर घ्या, शक्य तिथे देय तारीख महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आणा आणि हे काम सहा महिने तुम्ही किंवा मुलीनं घ्या. वरचा हिशेब त्यांना दाखवा, पण आधी रात्री नऊचे वेगाचे आकडे दोघांनी मिळून घ्या. बोलणं आकड्यांवरून सुरू झालं की कोण संशयी आणि कोण भोळं हा वाद उरत नाही.

कंपनी बदलायचं ठरलंच, तर क्रम सांभाळा. जुनी लाइन लगेच तोडू नका. नवी किमान दोन आठवडे, त्यातही शनिवार-रविवारच्या संध्याकाळी, चालवून बघा. एका महिन्याचं दुहेरी बिल परवडतं. ॲप्सची खाती तुमच्या स्वतःच्या ईमेलवर ठेवा, कंपनीनं दिलेल्या आयडीवर काढू नका, नाहीतर पॅक सोडताना मुलांच्या याद्या आणि प्रोफाइल मागेच राहतात. जुन्या सेवांची आपोआप होणारी वजावट ॲपमध्ये रद्द केल्यावर बँकेच्या किंवा कार्डाच्या खात्यातही जाऊन तपासा. आणि 'फुकट' राउटर, बॉक्स हे उसनेच असतात. जुन्या कंपनीचे परत करताना अनुक्रमांक लिहिलेली पावती घ्या, फोटो काढून ठेवा, आणि अनामत खात्यात जमा होईपर्यंत ती पावती टाकू नका.